झाड नसलेल्या मुलखातील लाकूड : उमरग्याचे माळवद आणि आरा

इतिहास म्हटला की किल्ले, सनदा आणि लढाया एवढेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. उमरग्यापुरते बोलावयाचे तर गावातील महादेवाचे कोरीव दगडी देवालय, पश्चिमेस नळदुर्गाचा कोट, पूर्वेस चालुक्यांची कल्याणी आणि या दोहोंना जोडणारा सोलापूर–हैदराबादचा हमरस्ता, इतके सांगितले म्हणजे वक्त्याचे काम झाले असे आपण मानतो. या साऱ्या गोष्टी दगडामातीच्या आहेत. आज आम्ही लाकडाविषयी बोलणार आहोत. तेही देवळातल्या नव्हे, तर ज्या छताखाली आपल्या तीन-चार पिढ्या निजल्या त्या छताच्या लाकडाविषयी, ते कापणाऱ्या करवतीविषयी, आणि गावाच्या कडेला भुशाच्या ढिगाआड घरघरणाऱ्या लहानशा आरागिरणीविषयी.

प्रश्न साधा आहे. धाराशिव जिल्ह्यात जंगल किती? जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या एक टक्काही ते भरत नाही. उमरग्याच्या शिवारात उभे राहून चहूकडे पाहिले तर काळी जमीन, बांधावरच्या बाभळी, विहिरीजवळचा एखादा लिंब आणि गावाबाहेरची चिंच, याखेरीज डोळ्यांत भरेल असे झाड दिसत नाही. परंतु याच तालुक्यातील जुन्या घरात शिरून मान वर करा. तुळईला तुळई लागलेली, खांबापुढे खांब, त्यावर फळ्यांचा किंवा किलचनाचा थर. एकेका वाड्यात इतके लाकूड की एखाद्या कोकणस्थाने तोंडात बोट घालावे. रानात झाड नाही आणि घरात मात्र रान उभे आहे. हे लाकूड आले कोठून, ते चिरले कोणी, आणि आता ते चालले आहे कोठे?

प्रथम घराची रचना ध्यानात घेतली पाहिजे. माळवद म्हणजे मातीचे सपाट छत. जोत्यावर दगडी तळखडा, तळखड्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळयांवर दांड्या, त्यांवर फळ्या किंवा किलचन आणि सर्वांच्या वर मातीचा थर. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती टाकावयाची हा प्रत्येक कुटुंबाचा नेम. जुनी माती सहसा कोणी उतरवीत नसे, नवी मात्र वर पडत राही. त्यामुळे फूट-दीड फुटाचा थर वाढत वाढत कोठे कोठे दोन-अडीच फुटांवर गेला. दीड फूट जाडीच्या थराचे वजन चौरस फुटास सुमारे पासष्ट किलो भरते. म्हणजे दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा एका खोलीवर साडेसहा टन माती, आणि तिच्याखाली आपण निर्धास्त निजलेले!

हे ओझे वाहत होते कोण? मूळ रचनेत भिंत नव्हे, लाकूड. दोन-चार फूट जाडीची दगडमातीची भिंत ही ऊन आणि चोर यांना अडविण्यासाठी होती. छताचा भार खांबांवरून थेट जोत्यात उतरे. घर मोजावयाचे मापही त्यामुळे लाकडाचेच झाले. किती खोल्या हे कोणी विचारीत नसे, किती खणांचे घर हे विचारीत. दोन तुळयांमधील अंतर तो खण, आणि मनुष्याची ऐपत खणांवर ठरावयाची. खणाचे माप कोणत्या शिल्पशास्त्रापेक्षाही बैलगाडीवर लादता येईल एवढ्या ओंडक्याने आणि वाकड्या बाभळीची दांडी जितके अंतर पेलील तितक्याने ठरले असावे, असे आमचे मत आहे.

आता लाकूड आले कोठून ते पाहू. त्याचे दोन उगम होते. एक बांधावरचा. बाभूळ, कडुनिंब, चिंच, आंबा ही झाडे शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीची, आणि गरिबाचे घर मुख्यतः त्यांवरच उभे राही. दुसरा उगम दूरचा, सागाचा. मराठवाड्यातील खरे सागवन म्हणजे किनवट-माहूरचे. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. त्यापलीकडे आदिलाबाद आणि चांदा यांची राने. काजीपेट–बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ मध्ये पुरा झाला आणि त्या रानांच्या कुशीतून गाडी धावू लागली. परंतु उमरग्यास आजतागायत रेल्वे नाही. स्टेशनापासून येथवर माल गाडीवाटेनेच यावयाचा. तेव्हा ज्याच्या घरी सागाची तुळई, तो गावात मोठा, यात नवल नाही.

सागाचा व्यापार हा आपल्याकडे काही कालचा नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आपल्याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे त्या वेळचे तगर, येथून भडोच बंदराकडे गाड्यांनी माल जात असल्याचे वर्णन आहे. आणि त्याच ग्रंथात भडोचेहून सागाचे व शिसवीचे लाकूड इराणच्या आखाताकडे रवाना होत असल्याचेही सांगितले आहे. तेरच्या उत्तरेश्वर देवळाची प्राचीन कोरीव लाकडी द्वारचौकट तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ठेवलेली आहे. ज्यांना लाकूड टिकत नाही असे वाटते त्यांनी ती एकदा जाऊन पाहावी. कार्ल्याच्या चैत्यातील लाकडी कमानी तर दोन हजार वर्षे तशाच छताला लागून आहेत. दगडाच्या खांद्यावर लाकूड इतकी वर्षे टिकले, मग माळवदाचे चारशे वर्षे टिकले तर त्यात विशेष ते काय? मात्र झाड तोडण्याविषयीचा विवेकही आपल्याकडे जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागवान कसे आणावे हे सांगताना आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, ती रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, एखादे झाड जीर्ण झाले तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मगच तोडावे, अशी ताकीद आहे. उमरगे त्या राज्यात नव्हते. तरी बांधावरच्या झाडाकडे पाहण्याची कुणब्याची दृष्टी इकडे निराळी होती असे मानण्याचे कारण नाही.

झाड पडल्यावर खरे काम सुरू होई. सुतार हा शब्द सूत्रधार या शब्दापासून आला, आणि सूत्र म्हणजे दोरी. काव किंवा काजळी लावलेली दोरी ओंडक्यावर ताणून धरावयाची, मध्ये चिमटीत उचलून सोडावयाची, की लाकडावर सरळ रेघ उमटे. त्या रेघेवरून करवत चालवावयाची. ओंडका उंच घोडीवर तिरपा बांधीत, नाही तर खड्ड्यावर आडवा टाकीत. एक गडी वर, एक खाली. वरचा रेघ सांभाळी. खालचा ओढी, आणि दिवसभर भुसा डोळ्यांत घेई. हिंदुस्थानीत या लोकांना आराकश म्हणतात. आपल्या भाषेत तर आरा या एका शब्दाने लाकूड चिरावयाचे हत्यारही दाखवितात आणि गाडीच्या चाकातली तुंब्यापासून पाटीपर्यंत जाणारी काडीही. एकाने चिरलेल्या लाकडातून दुसरा बने, एवढाच त्यांचा संबंध.

हातकरवतीने चिरणे इतके कष्टाचे होते की विनाकारण एकही काप कोणी घेत नसे. म्हणून गरिबाच्या माळवदात बाभळीची दांडी अंगच्या वाकासकट बसविलेली दिसते. श्रीमंताची तुळईसुद्धा पुष्कळदा चारही बाजूंनी चिरलेली नसून कुऱ्हाडीने व वाकसाने तासलेली असते. लाकडाचा अपव्यय न होण्याचे हे एक कारण. त्यात धर्मबुद्धी किती आणि दंडाचे दुखणे किती, याचा हिशेब आम्ही मांडीत नाही.

यंत्राचा आरा कोठून आला, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे तिसऱ्या शतकातील एका दगडी शवपेटीवर पाण्याच्या चाकाने चालणाऱ्या करवतीचे चित्र कोरलेले आहे. हॉलंडमध्ये कॉर्नेलिस कॉर्नेलिसझून याने वाऱ्याच्या गिरणीवर करवत चालविण्याचा हक्क १५९३ साली मिळविला, आणि डच जहाजांना फळ्यांचा तुटवडा राहिला नाही. लंडनजवळ लाइमहाउस येथे अशीच गिरणी निघाली तेव्हा हातकरवतीवर पोट असलेल्या लोकांनी १७६८ मध्ये ती मोडून टाकली. आपल्या ओळखीचा जो पट्ट्याचा आरा, त्याची कल्पना विल्यम न्यूबेरी याने १८०८ मध्ये नोंदविली. परंतु न तुटणारा पोलादी पट्टा बनविण्यास पुढे चाळीसएक वर्षे लागली. आमच्याकडे तो आला तो तेलाच्या इंजिनाच्या मागोमाग. ज्या जातीच्या इंजिनाने विहिरीचे पाणी उपसले आणि पीठ दळले, त्यानेच आराही फिरविला. पुढे वीज आली. महाराष्ट्रातील बहुतेक बाजारगावांत लाकडाची वखार आणि आरागिरणी यांच्या पाटीवर पटेल हे आडनाव दिसते, तेही अकारण नाही. दुष्काळी कच्छातून बाहेर पडलेल्या पाटीदार कुटुंबांनी हा धंदा देशभर आपलासा केला. विलक्षण योग असा की, आज परदेशी लाकूड ज्या कांडला बंदरात सर्वांत जास्त उतरते, ते त्यांच्या मूळ मुलखातच आहे.

लहान आरागिरणी चालविणे म्हणजे कळ दाबून फळ्या काढणे, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो डोळ्याचा आणि कानाचा धंदा आहे. पहिली गोष्ट मोजमापाची. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर घ्यावयाचा, दोरीची चौघडी करावयाची, ते माप स्वतःनेच गुणून लांबीने गुणावयाचे. चार फूट घेराचा आणि दहा फूट लांबीचा ओंडका अशा रीतीने दहा घनफूट भरतो. भूमितीने पाहिले तर तो पावणेतेरा घनफुटांच्या आसपास आहे. ही चोरी नव्हे. एडवर्ड हॉपस या इंग्रजाने १७३६ मध्ये छापलेल्या कोष्टकांची ही पद्धत आहे. गोल ओंडका चौकोनी करताना जो भाग साल आणि भुसा होऊन जातो त्याची, म्हणजे शेकडा साडेएकवीसची सूट गिऱ्हाइकास तीत आपोआप मिळते. ज्यास गुणाकार येत नाही त्यासही दोरीची चौघडी करता येते, म्हणून ही रीत टिकली.

दुसरी गोष्ट लाकडाची जात. बाभूळ ओली असतानाच कापावी. वाळल्यावर ती पट्ट्याचे दात खाते. कापण्याआधी वा नंतर तिला ओढ्यात किंवा डबक्यात काही महिने बुडवून ठेवण्याची आपल्याकडील जुनी चाल आहे. त्यामुळे लाकडातील गोड रस निघून जातो, भुंगा लागत नाही आणि चाक तडकत नाही. कडुनिंब चिरावयास सोपा, त्याच्या कडवटपणामुळे कीडही कमी. चिंचेचा गाभा लोखंडासारखा; खाटकाचा ठोकळा चिंचेचा का असतो ते एकदा ती चिरून पाहिल्यावर कळते. सागात तेल असते म्हणून तो पाण्याला व वाळवीला दाद देत नाही. पण त्याच्या अंगात रेतीसारखे बारीक कण असतात, त्यांनी पट्टा लवकर बोथटतो. कोणत्याही झाडाचा बाहेरचा पांढरा भाग कच्चा, आणि सुतार ज्यास नार म्हणतात तो गाभाच खरा. पांढरे लाकूड तुळईत गेले की दहा वर्षांत त्याचे पीठ होते.

पट्ट्याचे दात एक डावीकडे, एक उजवीकडे असे किंचित वाकवून ठेवावे लागतात, म्हणजे कापाची वाट पट्ट्यापेक्षा थोडी रुंद पडते आणि पट्टा अडकत नाही. कठीण लाकडास ही वाट अरुंद ठेवावी, ओल्या व रेशाळ लाकडास रुंद. पट्टा ढिला पडला तर काप नागमोडी जातो, फार ताणला तर पट्टा तुटतो. आणि तुटलेला पट्टा समोरच्या माणसाला ओळखत नाही. अनुभवी मिस्त्री डोळे दुसरीकडे असले तरी आवाजावरून सांगतो की लाकडात गाठ आली. चिरलेल्या फळ्या उन्हात टाकल्या तर आठ दिवसांत त्यांच्या होड्या होतात. त्या सावलीत, मध्ये चिपा घालून, वारा खेळेल अशा रचाव्यात, आणि टोकांना शेण किंवा चुना फासावा; कारण लाकडातले पाणी टोकांतून झपाट्याने पळते आणि जाताना भेग पाडून जाते. जाडीच्या इंचास एक वर्ष असा वाळविण्याचा जुना आडाखा आहे. आमच्याकडील उन्हाळ्यात तो काहीसा आखडतो, पण गिऱ्हाइकाची घाई त्याहून अधिक आखडते, आणि मग दार पावसाळ्यात लागत नाही म्हणून दोष सुताराकडे जातो.

एवढे सगळे सांगून झाले तरी ज्या घटनेने या तालुक्यातील लाकडाचा इतिहास बदलला ती सांगावयाची राहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३. गणपतीविसर्जनाची रात्र सरत आलेली, पहाटे चार वाजण्यास चार मिनिटे कमी. किल्लारी लातूर जिल्ह्यात. पण सास्तूर आणि त्याच्या आसपासची उद्ध्वस्त गावे तेव्हाच्या उमरगे तालुक्यातली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर एक समज पसरला, आणि तो आजही पुष्कळांच्या मनात आहे, की माळवदाने माणसे मारली, लाकडाच्या तुळया अंगावर पडल्या.

या समजात जितके सत्य आहे तितकेच अन्यायाचेही आहे. अभियंत्यांनी पडलेली घरे पाहिली तेव्हा असे आढळले की मुख्य घात भिंतीने केला. त्या भिंती म्हणजे बाहेरून एक, आतून एक असे गोलसर दगडांचे दोन पापुद्रे आणि मध्ये चिखल. दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही. हादऱ्याबरोबर पापुद्रे फुटून ढासळले. कित्येक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी आतला लाकडी सांगाडा उभाच होता. जेथे तुळयांची टोके खांबाऐवजी भिंतीवर टेकविलेली होती तेथे भिंतीबरोबर छतही आले, आणि वर ती टनावारी माती. आता विचार करा. तुळई भिंतीवर का टेकली? खांब वाचविण्यासाठी. खांब का वाचविला? कारण लाकूड महाग झाले होते. आजोबांनी प्रत्येक तुळईखाली खांब दिला. नातवाने जेथे भिंत होती तेथे खांब गाळला. आणि माती मात्र दोघांनीही टाकली. लाकूड होते म्हणून घरे पडली असे म्हणण्यापेक्षा, जेथे लाकूड उणे पडले तेथे ती पडली, हे म्हणणे आम्हाला वस्तुस्थितीस धरून वाटते. पुढे उभ्या राहिलेल्या घरांच्या दुरुस्तीसाठी जे उपाय सुचविले गेले त्यांतही माळवदाची माती उतरवा, भिंतीत आरपार दगड घाला आणि खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरपे टेकू द्या, असेच होते. लाकूड काढून टाका असे नव्हते.

परंतु ज्याने आपले मूल त्या ढिगाऱ्यातून काढले त्यास हा युक्तिवाद कोण सांगणार? लोकांच्या मनात दगड आणि तुळई या दोहोंचीच धास्ती बसली. बावन्न गावे नव्या जागी वसली; नवी घरे सिमेंटची झाली. ढिगाऱ्यातून निघालेल्या तुळया, चौकटी, खांब काहींनी नव्या वसाहतीत नेऊन लावले. कित्येकांनी मिळेल त्या भावाने विकून टाकले. जी घरे पडली नव्हती त्यांचीही माळवदे मालकांनी पुढील वर्षांत आपण होऊन उतरविली. पिढ्यान्‌पिढ्या गाडी गाडी करून जमविलेले लाकूड थोड्या वर्षांत घरांतून बाहेर पडले, आणि ते पुन्हा आऱ्यावर आले.

याच सुमारास आऱ्यावरही बंधने आली. झाड तोडण्यावर महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड अधिनियम होताच. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात, वनक्षेत्रात केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून आरागिरणी चालविता येणार नाही असा आदेश दिला. ऑक्टोबर २००२ मध्ये नव्या गिरण्यांना परवाने देण्यावर आणखी निर्बंध घातले. आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकडावर चालणाऱ्या उद्योगांसाठी नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. हौस म्हणून परसात आरा बसवावा आणि घरचा लिंब चिरावा, ही गोष्ट आता परवान्यावाचून होत नाही. जेथे घनदाट अरण्ये आहेत तेथे हा बंदोबस्त अवश्यच होता. ज्या तालुक्यात राखावयास अरण्यच नाही तेथे त्याचा एक परिणाम असा झाला की, नव्या लाकडाची चिराई मोजक्या जुन्या गिरण्यांकडे राहिली, आणि त्यांचा मोठा आधार बांधावरची बाभूळ-लिंब व पडक्या वाड्यांचा माल हाच झाला. ब्रह्मदेशाने एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडके बाहेर पाठविणे बंद केले, त्याने जुन्या सागाची किंमत आणखीच वाढविली.

जुनी तुळई चिरणे हे नव्या ओंडक्याहून अवघड. प्रथम खिळे काढावे लागतात. लोहाराने ठोकलेला एक चौकोनी खिळा आत राहिला तरी पट्ट्याचे वीस दात जातात. फटींत माती आणि चुन्याचे कण भरलेले असतात, ते खरवडून काढावे लागतात. वरून ती चुलीच्या धुराने काळी ठिक्कर दिसते. पहिला काप पडला की आत सोनेरी लाकूड, आणि शंभर वर्षांनंतरही कातडीसारखा सागाचा ओला वास. ज्यास पाहावयाची सवय आहे त्यास कापण्यापूर्वी तिच्या अंगावरचा मजकूरही वाचता येतो. वाकसाचे उथळ खळगे असले तर ती तासलेली. तिरप्या आणि मधूनमधून कल बदलणाऱ्या रेघा असल्या तर हातकरवतीची, आणि जेथे कल बदलला तेथे गडी दमला किंवा बदलला. एकसारख्या समांतर रेघा असल्या तर पट्ट्याच्या आऱ्याची. आणि कमानदार रेघा दिसल्या तर गोल पात्याची. एका तुळईवर दोन प्रकारच्या खुणा सापडल्या तर ती पूर्वी दुसऱ्या घरात होती असे बहुधा समजावे. आमची एवढीच विनंती आहे की, वाडा उतरविणाऱ्याने तुळई आऱ्यावर चढविण्याआधी तिची लांबी, जाडी, लाकडाची जात, खुणा आणि घर कोणत्या गल्लीतले, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. त्यास पाच मिनिटे लागतात. उमरग्याच्या घरांचा दुसरा दप्तरखाना आमच्या पाहण्यात नाही.

वखारीत येणाऱ्या जुन्या मालात खांब येतात, तुळया येतात, फळ्यांच्या थप्प्या येतात, क्वचित कोरलेले हस्तही येतात. देवघराची चौकट मात्र सहसा येत नाही. सिमेंटच्या नव्या घरात, रंग लावलेल्या पत्र्याच्या दाराशेजारी, ती उंबऱ्यासकट बसविलेली असते. आणि नव्या उंचीशी जमत नाही म्हणून आत जाणाऱ्यास अजूनही वाकावे लागते.